‘बोटात अंगठी’, मग ‘ऑन’ का? : जागा दाखवणारे इंग्रजी शब्द रोजच्या बोलण्यात



तिसरीच्या तासाला एका मुलीने हात पुढे करून सांगितलं, “द रिंग इज इन माय फिंगर.” मी लगेच म्हणाले, “चूक! इन नाही, ऑन.” ती खाली बसली आणि त्या तासाला पुन्हा बोललीच नाही.

नंतर विचार केला, आपण मराठीत काय म्हणतो? बोटात अंगठी, पायात चप्पल. तिने त्या ‘त’ला ‘इन’ लावला होता. ‘त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन’ हे पाठ कोणी करून घेतलं होतं? मीच.

अडचण नेमकी कुठे?

मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामानंतर जोडून येतं : पिशवीत, टेबलाखाली. इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी आणि सुटा येतो : इन द बॅग, अंडर द टेबल. हा क्रम मुलं लवकर पकडतात. खरा गोंधळ अर्थाचा असतो. म्हणून भाषांतर करायला न लावता मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा.

१. वस्तू कशाच्या आत आहे का? मग ‘इन’. वाटीत वरण : इन द बाउल. दर्शनाच्या रांगेत : इन द क्यू.

२. वस्तू पृष्ठभागाला टेकलेली, चिकटलेली किंवा अंगावर घातलेली आहे का? मग ‘ऑन’. ताटात पोळी : ऑन द प्लेट. बोटात अंगठी : ऑन द फिंगर. छताला पाल : ऑन द सीलिंग. पाल छताच्या खालच्या बाजूला असते, तरी ‘ऑन’च! म्हणजे ‘ऑन’चा अर्थ नुसता ‘वर’ नाही. उलट डोक्यावरचा पंखा डोक्याला टेकत नाही, म्हणून तिथे ‘ओव्हर’.

३. फक्त ठिकाण सांगायचं आहे का? मग ‘ॲट’. आई दारात उभी आहे : ॲट द डोअर. बाबा घरी आहेत : ॲट होम.

आपल्या शेगावचंच उदाहरण

आपण म्हणतो, “आम्ही शेगावला राहतो” आणि “गाडी शेगावला थांबते.” दोन्हीकडे ‘ला’. इंग्रजीत मात्र ‘वुई लिव्ह इन शेगाव’ आणि ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट शेगाव’. राहणाऱ्यासाठी शेगाव म्हणजे गल्ल्या, घरं, बाजार असलेलं गाव. आपण त्याच्या आत आहोत. मुंबई–नागपूर रेल्वेमार्गावर धावणाऱ्या गाडीसाठी तो एक थांबा आहे. फळ्यावर एक रेषा काढा, तिच्यावर भुसावळ, शेगाव, अकोला असे ठिपके द्या. त्याच शेगावभोवती मोठं वर्तुळ काढा. ठिपका म्हणजे ‘ॲट’, वर्तुळ म्हणजे ‘इन’. मुलांना लगेच कळतं.

जाता जाता : रेल्वेत आणि एसटीत ‘ऑन’, कारमध्ये आणि ऑटोत ‘इन’. ज्या गाडीत उठून चालता येतं तिथे ‘ऑन’, ही खूण मुलांच्या लक्षात राहते.

वर्गातला खेळ

एकाने खडू लपवायचा, बाकीच्यांनी विचारायचं : “इज इट अंडर द टेबल? इज इट बिहाइंड द डोअर? इज इट इन युवर पॉकेट?” पाच मिनिटांत सगळा वर्ग बोलतो, न बोलणारी मुलंसुद्धा.

पालकांसाठी

इंग्रजी येत नसलं तरी चालेल. पोळी वाढताना, चपला काढताना फक्त विचारा, “हे इंग्रजीत कुठे आहे म्हणशील?” उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणू नका. बरोबर वाक्य माहीत असेल तर सहज म्हणा, नसेल तर वहीत टिपून शाळेत पाठवा.

मीही आता तेच करते. “इन माय फिंगर” ऐकलं की म्हणते, “येस, द रिंग इज ऑन युवर फिंगर. व्हेरी नाइस!” मूल हसतं आणि पुढचं वाक्य बोलतं.

तुमच्या वर्गात असे कोणते ‘त’ आणि ‘वर’ मुलांना फसवतात? त्यांची यादी मुलांकडूनच करून घ्या. पुढचा पाठ त्यातूनच तयार होईल.