यार्डात जा, नंबर स्वतः वाच

अगं, शोरूममध्ये स्टॉकचं काम दिलं म्हणून हिरमुसू नकोस. इन्सेन्टिव्ह सेल्सवाल्यांना मिळतो, डिलिव्हरीच्या फोटोत तेच असतात, कबूल. पण कुठली गाडी कुठे उभी आहे आणि कुणाला द्यायची आहे, हे तुलाच माहीत असणार. पाडव्याच्या आधी तर सगळे तुझ्याच शीटकडे डोळे लावून बसतील.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लाव. कंपनीच्या बिलावरचा चासी नंबर बघून एंट्री करून मोकळी होऊ नकोस. ट्रेलरवरून गाडी उतरली की यार्डात जा आणि गाडीवरचा नंबर स्वतः वाच. तो 17 अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, कारण एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होते. म्हणून शीटमध्ये कुठे ओ दिसला, तर तिथे शून्य हवं होतं असं समज. यार्डातली पोरं शेवटच्या चार-पाच आकड्यांवरूनच गाडी काढतात. एकाच व्हेरियंटच्या दोन पांढऱ्या गाड्या शेजारी असल्या की घोळ झालाच म्हणून समज. मग तोच चुकीचा नंबर बिलावर, विम्यावर, फॉर्म 21 वर आणि ‘वाहन’ पोर्टलवर जातो. पासिंग झाल्यावर चूक कळली, तर आरटीओचे हेलपाटे त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाच्या नशिबी येतात.

एक्सेलवरही डोळे झाकून विसंबू नकोस. इंजिन नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करून घे. नाहीतर सुरुवातीची शून्यं ते खाऊन टाकतं, आणि आकड्यांच्या मध्ये एकटा ई आला, तर त्याला गणितातली संख्या समजून नंबरच बदलून टाकतं.

आता तुला म्हणून सांगते. सेल्सचा कुणीतरी येईल आणि गोड बोलेल, “ताई, ही माझ्या कस्टमरला धरून ठेवा ना.” बुकिंगची पावती नसेल तर अलॉट करू नकोस. वाईट वाटेल त्याला, वाटू दे. ज्याने आधी पैसे भरलेत, त्याची गाडी तोंडी शब्दावर जाता कामा नये.

उत्पादनाचा महिना आणि यार्डात आल्याची तारीख असे दोन वेगळे कॉलम ठेव. उभ्या गाडीवर कर्जाचं व्याज चढतं, बॅटरी उतरते, आणि जानेवारी उजाडला की ती ‘गेल्या वर्षीची’ होते. गिऱ्हाइकाने विचारलं तर खरा महिना सांगायचा, लपवायचा नाही. कधीकधी तर एका तारखेवर सगळं फिरतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-4 गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच सांगून ठेवलं होतं. कुठली बीएस-4 गाडी कुठल्या यार्डात पडून आहे, हे त्या वेळी ज्यांना एका नजरेत दिसत होतं, त्यांना ती वेळेत विकता येत होती. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, तेव्हाही जुन्या दराने घेतलेल्या गाड्या कुठल्या, हाच पहिला प्रश्न होता.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांकडे पूर्ण यार्डाची मोजणी माग. शीटमध्ये आहे पण यार्डात नाही, आणि यार्डात आहे पण शीटमध्ये नाही, अशा दोन याद्या काढ आणि त्यांच्या सहीने ठेव. ते “नंतर बघू” म्हणाले तर रात्री मला फोन कर, कसं बोलायचं ते आपण ठरवू.