संगणक मंदावला, वर ‘व्हायरस’चा इशारा!

प्रश्न : आमचा विंडोज १० संगणक सुरू व्हायलाच फार वेळ घेतो. काल पडद्यावर ‘व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे झळकले. काय करावे?
– एक वाचक, कोलकाता

उत्तर : फोन मुळीच करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक नसतो. तुमच्याच शहरात, सॉल्ट लेकच्या सेक्टर ५ मध्ये, अशी बनावट ‘टेक सपोर्ट’ कॉल सेंटर्स पोलिसांनी अनेकदा पकडली आहेत. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. मग विंडोज सिक्युरिटीतून फुल स्कॅन करा.

मंदपणासाठी टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’मधले अनावश्यक प्रोग्रॅम बंद करा. ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर दिसत असेल आणि ती जुनी हार्ड डिस्क असेल, तर आधी बॅकअप घेऊन एसएसडी बसवा. चांदनी मार्केटमध्ये ती मिळेल. पण पक्के बिल आणि वॉरंटी घ्याच.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक पात्र असेल तर विंडोज ११ घ्या.

कुणाला आधीच पैसे दिले असतील, तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा.