नावाची हाक

एस. टी.च्या प्रवासात दोन अनोळखी माणसे शेजारी बसली, की पहिला प्रश्न होतो, ‘गाव कोणते?’ आणि दुसरा, ‘आडनाव काय?’ प्रश्न साधा दिसतो. परंतु पुष्कळदा त्यामागे जात जाणून घेण्याची इच्छा लपलेली असते. उत्तर मिळताच कधी आपलेपणा वाढतो, तर कधी मनाचे दार हळूच मिटते. समोरचा माणूस मात्र तोच असतो.

बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेल्या बीड जिल्ह्याने या प्रश्नाची कटुता अलीकडच्या काळात अनुभवली आहे. २०२३ व २०२४ या वर्षांत आरक्षणाच्या वादाने तेथील वातावरण तापले. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोग गावच्या सरपंचांची हत्या झाली. त्या दुःखाच्या प्रसंगीही आडनावांची चर्चा थांबली नाही. ज्यांच्या शेतांना एकच बांध, अशी माणसेही एकमेकांशी बोलण्याऐवजी मोबाइलवर आलेल्या मजकुरावरून शेजाऱ्याच्या मनाची परीक्षा करू लागली.

अशा वेळी एक छोटे पाऊल उचलले गेले. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५ च्या आरंभी आपल्या सहकाऱ्यांस परस्परांना पहिल्या नावानेच हाक मारण्यास सांगितले. पुढे पोलिसांच्या नामपट्ट्यांवरूनही आडनाव काढण्यात आले. केवळ नाव उरले. फिर्याद घेऊन आलेल्या मनुष्याने नामपट्टीवर जात शोधू नये, त्यास समोर केवळ पोलीस दिसावा, हा त्यामागील हेतू होय.

कुळाची ओळख मागे ठेवून माणसे जोडणारा एक थोर पुरुष या जिल्ह्याने पूर्वीही पाहिला आहे. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत एक संन्यासी शिक्षक होते. त्यांचे मूळचे नाव व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेतल्यावर ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी, तेलुगू, कन्नड असे निरनिराळ्या भाषांचे लोक हैदराबाद संस्थानाच्या मुक्तीसाठी एकत्र आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते संस्थान मुक्त झाले.

नामपट्टीवरील आडनाव पुसल्याने मनातील भेद आपोआप पुसला जात नाही, हे खरे. ज्यास जात शोधावयाचीच असते, तो गल्ली आणि बोली यांवरूनही ती शोधून काढतो. म्हणून आदेशाने निम्मेच काम होते. उरलेले निम्मे ज्याचे त्यानेच करावयाचे असते. वर्गात नवा मुलगा आला असता त्यास आडनाव विचारावे, की खेळावयास बोलवावे? गावात अफवा उठली असता ती पुढे धाडावी, की शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन खरे काय ते त्यासच विचारावे? हा निर्णय कोणताही अधिकारी दुसऱ्यासाठी घेऊ शकत नाही. आडनाव जन्माबरोबर मिळते. शेजार मात्र रोज जपावा लागतो.