यकृताच्या रुग्णाने साधा तापही अंगावर काढू नये

दारू, जुनी बी किंवा सी प्रकारची कावीळ, तसेच मधुमेह व लठ्ठपणामुळे यकृतात साठणारी चरबी यांमुळे यकृत हळूहळू कठीण होते. यालाच लिव्हर सिरॉसिस म्हणतात. घरचे लोक अशा रुग्णाच्या काविळीकडे व पथ्याकडे लक्ष देतात. परंतु जंतुसंसर्गाचा धोकाही तितकाच मोठा असतो.

असे का होते?

आतड्यातील रक्त प्रथम यकृतात येते. त्याबरोबर आलेले जंतू तेथील पेशी गिळून टाकतात. यकृत कठीण झाले की बरेचसे रक्त त्याला वळसा घालून पुढे जाते. जंतूंशी लढणारी प्रथिनेही कमी तयार होतात. जलोदर असेल, तर आतड्यातील जंतू पोटातल्या पाण्यात वाढू लागतात.

फसवी लक्षणे

अशा वेळी ताप येतोच असे नाही. पोट किंचित दुखणे, लघवी कमी होणे, दिवसा झोप व रात्री जाग, असंबद्ध बोलणे एवढेच दिसते. 'अशक्तपणा आहे, सलाईन लावू' म्हणून दोन दिवस जातात आणि तेवढ्यात मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

पोटातील थोडे पाणी सुईने काढून तपासल्यास निदान होते. एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी २५० किंवा अधिक आढळल्यास शिरेतून प्रतिजैविके लगेच सुरू करतात. या तपासणीला घाबरू नये.

पुराचे पाणी

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत घराघरांत शिरले. अशा गढूळ पाण्यात एरोमोनास नावाचे जंतू असू शकतात. निरोगी माणसाची जखम बहुधा भरून येते. यकृताच्या रुग्णाचा पाय मात्र एक-दोन दिवसांत सुजून, काळे-निळे फोड येऊन जिवावर बेतू शकते. समुद्राच्या पाण्यातील व्हिब्रिओ जंतूंचेही तसेच. कोकणात गेल्यावर कच्ची कालवे खाऊ नयेत.

लक्षात ठेवा

१. ताप, पोटदुखी किंवा भ्रम दिसताच त्याच दिवशी साताऱ्याचे वा सांगलीचे सिव्हिल, मिरजेचे शासकीय रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावे.
२. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत.
३. जखम असताना पुराच्या पाण्यात उतरू नये.
४. न्यूमोनिया, फ्लू व हिपॅटायटिस बी यांच्या लसींबाबत डॉक्टरांना विचारावे.
५. दारू पूर्ण बंद करावी.