मासळी-प्रक्रिया कामगारांमधील व्यावसायिक श्वसन-ॲलर्जी

श्रमिकांच्या रोगांवर ग्रंथ लिहिणाऱ्या बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने इ. स. १७०० मध्ये सांगितले, की रुग्णाला त्याचा व्यवसाय अवश्य विचारावा. मासळीवर उपजीविका चालणाऱ्या आपल्या किनारपट्टीवर या प्रश्नाचे मोल विशेष आहे.

मासळी खाल्ल्याने होणारी ॲलर्जी सर्वांना परिचित आहे. श्वासावाटे होणारी मात्र सहसा ध्यानी येत नाही. खेकडे उकळताना निघणारी वाफ, कोळंबी सोलताना व माशाचे पोट साफ करताना उडणारे तुषार, जोरदार फवाऱ्याने केलेली धुलाई, सुक्या मासळीची भुकटी या सर्वांतून प्रथिनांचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. कोळंबी-खेकड्यांतील ट्रोपोमायोसिन व माशांतील पार्व्हाल्ब्युमिन ही प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिने उष्णतेनेही सहजी नष्ट होत नाहीत.

कॅनडातील मॅग्डालेन बेटांवर खेकडा-प्रक्रिया करणाऱ्या ३०३ कामगारांच्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १५ टक्के कामगारांना व्यावसायिक दमा आढळला. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत हे प्रमाण कवचधारी जलचरांच्या कामात ४ ते ३६ टक्के, तर माशांच्या कामात २ ते ८ टक्के आढळले आहे.

आरंभी शिंका, नाक वाहणे, डोळ्यांची खाज ही लक्षणे दिसतात; पुढे खोकला, छातीत घरघर व धाप सुरू होते. हे काही आठवड्यांत घडते किंवा काही वर्षांनीही. अशा रुग्णाला तीच मासळी खाताना त्रास होईलच असे नाही; म्हणून 'मासळी पचते ना?' एवढ्या चौकशीने निदान होत नाही. सुट्टीत बरे वाटते आणि कामावर परतताच त्रास वाढतो, ही खूण महत्त्वाची. कामाच्या व सुट्टीच्या दिवसांत दिवसातून किमान चार वेळा पीक-फ्लो मोजून त्याची नोंद ठेवल्यास चित्र स्पष्ट होते. त्वचा-चाचणी व विशिष्ट आयजीई तपासणी त्यास पूरक ठरतात. कोळंबी काळी पडू नये म्हणून वापरली जाणारी सल्फाइटेही दमा उत्पन्न करू शकतात, तेव्हा चाचणी नकारात्मक आली तरी कामाचा संबंध नाकारू नये.

इन्हेलर देऊन रुग्णाला त्याच जागी परत धाडणे हा उपचार नव्हे. संसर्ग दीर्घकाळ राहिल्यास काम सोडल्यानंतरही दमा टिकून राहू शकतो. म्हणून लवकर निदान व लवकर दूर होणे यांवरच पुढील प्रकृती अवलंबून असते. परंतु रोजंदारीवरील स्त्रीस 'काम सोडा' असे सांगणे सोपे, तिने ते पाळणे कठीण. ती बहुधा खोकल्याचे औषध घेऊन आजार लपवील. म्हणून तिला वाफ-तुषारांपासून दूर, पॅकिंगसारखे दुसरे काम मिळावे यासाठी आपण लेखी शिफारस करावी. उकळण्याच्या जागी वाफ खेचणारे पंखे, कमी दाबाच्या पाण्याने धुलाई व नियमित आरोग्य-तपासणी यांचा आग्रह कारखानदारांकडे धरावा. नाकातोंडाला बांधलेल्या फडक्याने सूक्ष्म कण अडत नाहीत.

दम्याच्या प्रत्येक केसपेपरवर व्यवसायाची एक ओळ लिहावी. त्या ओळीने एखाद्या कष्टकऱ्याचा श्वास व रोजगार दोन्ही वाचू शकतील.