आधी कोयंडा, मग कॅमेरा

घरफोडीची बातमी कुठल्याही गावची असो, एक वाक्य तिच्यात ठरलेलं असतं: 'चोरट्यांनी दाराचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.' वाचणारा हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचा भाव विचारायला जातो. खरं तर पहिला पैसा कुठे घालायचा ते त्या वाक्यातच लिहिलेलं आहे. आठशे-हजाराचं भक्कम कुलूप ज्या कोयंड्यात अडकतं, तो बहुतेक घरांत अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंच्या भरवशावर असतो. कटावणी कुलपाच्या वाटेला जातच नाही. ती पट्टीखाली सरकते आणि स्क्रू भुशासकट बाहेर येतात.

म्हणून पहिला खर्च दोन-तीनशे रुपयांचा. जाड पट्टीचा कोयंडा आणा आणि दाराला स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्ट मारून घ्या, नट आतल्या बाजूला. चौकटीत आरपार बोल्ट जमत नाही, तिथे तीन इंची स्क्रू. सुतार चार-पाचशे घेईल. आलाच आहे तर बिजागऱ्यांचे स्क्रूही बदलून घ्या. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीच्या खाचेत आतून मापाची काठी टाकली, की ती खिडकी बाहेरून सरकत नाही. याला तर पन्नास रुपयेही लागत नाहीत.

बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' अशी जाहिरातच. दारातच बसणारं चांगलं लॅच अडीच ते साडेचार हजारांत मिळतं, बसवणी वेगळी. बाहेरून पाहणाऱ्याला माणसं आत आहेत की बाहेर, ते कळत नाही. फक्त ओढून घेऊन निघू नका, किल्ली पूर्ण फिरवा. बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपं आठ हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत आहेत. सोय म्हणून घ्या. दार तेच पातळ असेल तर चोराला फरक पडत नाही.

त्यापुढचा मोठा खर्च लोखंडी सेफ्टी डोअरचा. फॅब्रिकेटर चौरस फुटाला साधारण चारशे ते सहाशे सांगतो. तीन बाय सात फुटांचं दार एकवीस चौरस फूट, म्हणजे साडेआठ ते साडेबारा हजार. काही जण किलोवर काम करतात. माझा अनुभव असा, की किलोने ठरवलं तर दार गरजेपेक्षा जड होतं आणि फुटाने ठरवलं तर पाइप पातळ येतो. मी फुटाने ठरवतो, पण पाइपची गेज आणि सळईची जाडी कोटेशनवर लिहून घेतो. खिडकीला जाळी करताना एक झडप आतून उघडणारी ठेवा. आगीच्या वेळी बंद जाळी आपल्यालाच कोंडते.

सेफ्टी डोअरला बाहेरून कडी असेल तर ती ग्राइंडरने कापून टाका. मजल्यावरचा एक फ्लॅट फोडण्याआधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालायच्या, ही जुनी आणि अजून चालणारी युक्ती आहे. आवाज ऐकून शेजारी जागा होतो आणि आतून दार ढकलत बसतो.

आता कॅमेरा. चार कॅमेरे, डीव्हीआर, एक टीबी हार्ड डिस्क, वायर आणि मजुरी धरून बारा ते वीस हजारांत काम होतं. वर्षाच्या देखभालीचा करार दोन-चार हजार. एकच वायफाय कॅमेरा दीड ते तीन हजारांत येतो, पण वीज गेली की राउटर बंद आणि कॅमेरा आंधळा. त्यामुळे राउटरच्या छोट्या यूपीएसचे हजार-दीड हजार त्यातच धरा. बसवणारा माणूस कॅमेरा उंच लावायला निघतो, कारण तिथून 'सगळं दिसतं'. दिसतात फक्त टोप्या. निदान एक कॅमेरा प्रवेशद्वारापाशी सात-आठ फुटांवर, येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे रोखलेला हवा. डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका. चोर जाताना तोही नेतात. माळ्यावर किंवा कुलूपबंद कपाटात ठेवा. आणि रात्रीचं चित्रण बसवणाऱ्यासमोरच पाहून मग उरलेले पैसे द्या.

कॅमेरा चोरी झाल्यावर जास्त उपयोगी पडतो. चोरीच्या आधी उजेड उपयोगी पडतो. हालचाल टिपून लागणारा दिवा अडीचशे ते पाचशे रुपयांत मिळतो. जिना, पार्किंग आणि मागची भिंत मिळून सहा-सात दिवे लावले, तरी खर्च एका कॅमेऱ्याच्या आसपासच राहतो.

सोसायटीत सगळ्यात जड खर्च पहारेकऱ्याचा. बारा तासांच्या एका पाळीला एजन्सी महिन्याला साधारण पंधरा ते बावीस हजार लावते, जीएसटी निराळा. चोवीस फ्लॅटच्या इमारतीत रात्रपाळीपुरता हा भार घरामागे सहाशे ते नऊशे येतो. एजन्सीकडे 2005 च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालचा परवाना आहे का, हे आधी बघा. दर फारच कमी सांगितला तर समजावं, की तोच माणूस दिवसा दुसरीकडे पाळी करतो आणि तुमच्याकडे झोपायला येतो. छोट्या इमारतीने किंवा बंगल्यांच्या गल्लीने दोन-तीन सोसायट्यांत मिळून एक फिरता पहारेकरी ठेवावा. आणि दिवाळीत गावाला जाताना समोरच्या काकूंना सांगून जा. दारात साठलेली वर्तमानपत्रं त्याच उचलतात. सहलीचे फोटो परत आल्यावर टाका.

सोनं घरात ठेवायचं नसेल तर बँकेचा लहान लॉकर वर्षाला दीड-तीन हजारांत मिळतो, अधिक जीएसटी. मात्र रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपुरतीच आहे. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. तोळा लाखापुढे गेल्यावर हे किती पुरतात, ते तुम्हीच बघा.

घराच्या विम्यातही अशीच मेख आहे. 2021 पासून सगळ्या कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी विकतात. तिच्यात चोरी फक्त आग, पूर, भूकंप अशा घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झाली तरच धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. ते घेताना दोन प्रश्न विचारा: दागिने धरलेत का, आणि दार फोडल्याची खूण नसेल तर दावा चालेल का? दुसऱ्याचं उत्तर बहुधा 'नाही' असतं.

आणि एवढं करूनही घर फुटलंच, तर आत काही न हलवता 112 वर फोन करा. श्वानपथक आणि ठसेतज्ज्ञ येईपर्यंत कपाटाला हात लावू नका. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. चोर सापडला नाही तर कंपनी पुढे पोलिसांचा 'अ' समरीचा कागद मागते, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. तो मिळायला महिने जातात. चोर सापडला, तर जप्त दागिने न्यायालयात अर्ज करून सोडवावे लागतात आणि ते तुमचेच आहेत हे दाखवावं लागतं. तिथे 'बायकोचं मंगळसूत्र ओळखतो' एवढ्यावर भागत नाही. म्हणून आज संध्याकाळी प्रत्येक दागिना त्याच्या पावतीशेजारी ठेवून फोटो काढा आणि तो गावाकडच्या भावाला पाठवून ठेवा.