तप्त पोलाद आणि थंड पाणी

भट्टीत लालबुंद झालेले कुऱ्हाडीचे पाते लोहार पाण्यात बुडवितो. या क्रियेस ‘पाणी देणे’ म्हणतात. अवजाराची धार, त्याचा टिकाऊपणा व ते हाताळणाऱ्याची सुरक्षितता या एका क्षणाशी निगडित असल्याने तिच्यामागील शास्त्र जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

पोलाद म्हणजे अल्प प्रमाणात कार्बन असलेले लोखंड. सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यावर त्याची अंतर्गत रचना बदलते व कार्बन तीत विरघळतो. पोलाद सावकाश निवल्यास कार्बन पुन्हा वेगळा होतो आणि धातू मऊ राहतो. एकाएकी थंड केल्यास मात्र कार्बनचे अणू जागच्या जागी अडकतात. यातून बनणाऱ्या कठीण रचनेस जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणतात. तांब्यात असे घडत नाही. तांबटाने तापवून पाण्यात बुडविलेले भांडे मऊच राहते.

अतिथंड म्हणजे अतिजलद नव्हे

द्रवरूप नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश असते. तरीही तप्त पोलाद पाण्यात अधिक वेगाने निवते. कारण नायट्रोजन तत्काळ उकळून धातूभोवती वायूचे आवरण तयार होते व उष्णता अडते. पाण्यातही काही क्षण वाफेचे असे आवरण बनते. मिठाच्या पाण्यात ते लवकर फुटते, म्हणून त्यात पोलाद अधिक जलद निवते. तेलात ते सावकाश निवत असल्याने तडे जाण्याचा धोका कमी होतो.

कठीणपणाबरोबर चिवटपणा

केवळ पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. अशा छिन्नीचा टवका उडून डोळ्याला इजा होऊ शकते. म्हणून जाणता कारागीर ते पुन्हा बेताने तापवितो. घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर सुमारे २३० अंशांना गवती पिवळा, तर ३०० अंशांच्या आसपास निळा रंग दिसतो. पिवळा रंग धारेसाठी, तर निळा लवचीकपणासाठी योग्य समजला जातो. तापमापकाविना काम करणाऱ्या लोहाराची हीच मोजपट्टी होय.

बांधकामातील टीएमटी सळईतही हेच तत्त्व आहे. कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्याने तिचे बाह्य कवच कठीण होते, तर गाभ्यातील उष्णता त्या कवचास चिवट बनविते. अशी सळई जाळावर लाल करून वाकविल्यास ही ताकद नष्ट होते. शाळा, समाजमंदिर वा पाण्याची टाकी उभारताना सळई थंड स्थितीतच वाकविली जाते किंवा नाही, यावर ग्रामपंचायत सदस्यांनी लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.